दर महिन्याचा पहिला रविवार

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



मला दिलेला विषय अगदी साधा आहे. आपल्या १९८३ च्या दहावीच्या तुकडीतले काही जण महिन्यातून एकदा डोंगरावर जातात, बरोबर डबे नेतात आणि दिवसभर गप्पा मारतात. "त्याबद्दल वीस मिनिटं बोल," असं संयोजकांनी सांगितलं. माझ्यानंतर लगेच जेवण आहे. भुकेल्या लोकांसमोर पिठलं-भाकरीवर बोलायचं म्हणजे टाळ्या मिळण्याची खात्री आहे, आणि लवकर खाली बसवलं जाण्याचीही.

मघाशी आपण दोन मिनिटं शांत उभे राहिलो. वाचून दाखवलेल्या यादीत तीन नावं नवी होती. ती तिन्ही माणसं गेल्या मेळाव्यात याच सभागृहात होती. त्यांच्यातल्या एकाशी माझं तेव्हाचं शेवटचं वाक्य होतं, "भेटू रे एकदा निवांत." हे वाक्य आज इथे चहाच्या टेबलाशी मी निदान दहा वेळा ऐकलं. म्हणून आधी एक सोपा हिशोब मांडते. गणिताच्या सरांनी शिकवलेल्या पद्धतीनेच, पायरी पायरीने.

आपला मेळावा पाच वर्षांनी होतो. आपण सगळे साठीच्या उंबरठ्यावर आहोत. सगळं ठीक राहिलं आणि आपण ऐंशीपर्यंत हिंडते-फिरते राहिलो, असं धरू. वीस वर्षं भागिले पाच. उत्तर चार. म्हणजे ज्या माणसांबरोबर आपण दहा वर्षं एका बाकावर बसलो, एका डब्यात हात घातला, त्यांना आपण आता चार वेळा भेटणार आहोत. त्यातही अर्धा वेळ भाषणांत आणि फोटोत जाणार. महिन्यातून एकदा भेटलो, तर वीस वर्षांत भेटी होतात दोनशे चाळीस. चार आणि दोनशे चाळीस. माझं सगळं भाषण या दोन आकड्यांमधल्या फरकाबद्दल आहे.

हार्वर्ड विद्यापीठात १९३८ पासून एक अभ्यास चालू आहे. एका बाजूला तिथले विद्यार्थी आणि दुसऱ्या बाजूला बोस्टन शहराच्या गरीब वस्त्यांतली मुलं, असे दोन गट घेऊन त्यांच्या आयुष्याची नोंद दशकानुदशकं ठेवली गेली. त्यातून निघालेली एक गोष्ट आपल्या वयाला नेमकी लागू पडते. पन्नाशीत ज्यांना आपली नाती समाधानाची वाटत होती, ते ऐंशीत जास्त निरोगी होते, आणि कोलेस्टेरॉलच्या आकड्यापेक्षा हे समाधान पुढच्या तब्येतीबद्दल जास्त सांगून गेलं. आपल्यापैकी बहुतेकांना आपलं कोलेस्टेरॉल तोंडपाठ आहे. शेवटचं मनमोकळं कुणाशी बोललो, ते मात्र आठवावं लागतं.

आता आमच्या उद्योगाकडे येते. गेल्या मेळाव्यानंतर आम्ही चौघांनी ठरवलं की महिन्याचा पहिला रविवार राखून ठेवायचा. कितीही जण येवोत, दोघं आली तरी जायचं. तारीख ठरवण्यासाठी मोबाईलवर चर्चा करायची नाही, कारण तीस जणांच्या चर्चेतून आजवर एकही तारीख निघालेली नाही. कधी आम्ही पाच असतो, कधी बारा. मुहूर्त, वर्गणी, अध्यक्ष, खजिनदार यातलं काही नाही.

बहुतेक वेळा आम्ही सिंहगडावर जातो. सोय हे त्याचं मोठं कारण. शहरातून पायथ्यापर्यंत बस आहे, आतकरवाडीची पायवाट मळलेली आहे आणि वाटेत सरबतवाले, ताकवाले बसलेले असतात. गड समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंच. पायथ्यापासून प्रत्यक्ष चढायचं ते साधारण सहाशे मीटर. तरुण मुलं तासाभरात वर पोचतात. आम्हाला दोन तास लागतात, आणि त्या दोन तासांची मी खास बाजू मांडणार आहे.

हा गड आपल्याला चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकातून भेटला. १६७० च्या फेब्रुवारीत तानाजी मालुसऱ्यांनी इथे जीव दिला. १७०० साली छत्रपती राजाराम महाराजांनी इथेच देह ठेवला. लोकमान्य टिळकांचा बंगला इथे आहे. शाळेच्या सहलीत आपण हे सगळं रांगेत उभं राहून पाहिलं, वहीत उतरवलं आणि घरी जाऊन निबंध लिहिला. तेव्हा आपल्याला घाई होती, खेळायला जायची आणि डबा उघडायची. आता कल्याण दरवाजाच्या पायऱ्यांवर अर्धा तास नुसतं बसता येतं. समोर राजगड आणि तोरणा दिसतात. कोण कुठला हे ओळखण्यावरून आमच्यात अजूनही भांडण होतं आणि दर महिन्याला तीच दोघं भांडतात.

चढताना काय होतं, ते सांगते. सुरुवातीची वीस मिनिटं सगळे जोरात बोलत असतात. राजकारण, क्रिकेट, कुणाच्या मुलाचं लग्न. मग चढ सुरू होतो आणि वाक्यं आपोआप लहान होतात. व्यायामाची एक सोपी कसोटी डॉक्टर सांगतात. चालताना बोलता येतंय, पण गाणं म्हणता येत नाही, इतपत श्रम म्हणजे मध्यम व्यायाम. असा व्यायाम आठवड्याला निदान दीडशे मिनिटं करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आम्ही ही कसोटी मनापासून पाळतो. आमच्यातला एक जण सपाटीवरही गाणं म्हणू शकत नाही हे शाळेत असल्यापासून सिद्ध आहे, पण त्याला कोण सांगणार? समोरच बसलाय, हसतोय.

या चढाची मजा अशी की तो फुशारकी शिल्लक ठेवत नाही. धापा टाकणारा माणूस आपलं पद, बंगला, मुलाचं पॅकेज सांगू शकत नाही. त्याला तेवढा श्वासच नसतो. तो फक्त एवढंच विचारतो, "पाणी आहे का रे कुणाकडे?" आणि दुसरा बाटली पुढे करतो. सभागृहातल्या मेळाव्यात आपण एकमेकांना पहिला प्रश्न विचारतो, "काय करतोस सध्या?" हा प्रश्न विचारणाऱ्याला साधा वाटतो. ज्याच्यापाशी त्याचं चांगलं उत्तर नसतं, त्याला तो साधा वाटत नाही. आपल्या तुकडीतले काही जण एकाही मेळाव्याला आलेले नाहीत. त्यांचे पत्ते आपल्याकडे आहेत, फोन लागतात, ते याच शहरात राहतात. ते का येत नाहीत, याचा आपण विचार करायला हवा.

आपल्याकडे यावर एक जुना उपाय आहे. आळंदीहून आणि देहूहून पंढरपूरला जाणारे वारकरी आषाढात अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालतात. दिंडीत एकत्र चालायचं, पंगतीला एकत्र बसायचं आणि समोरच्याला म्हणायचं "माऊली". शेतकरी असो, शिक्षक असो, कारखानदार असो, हाक एकच. तिथे कुणी तुमची पदवी विचारून तुम्हाला रांगेत जागा देत नाही. आमच्या टोळक्याची वारीशी बरोबरी करण्याचा आगाऊपणा मी करणार नाही. एवढंच म्हणते की चालणं, पंगत आणि बोलणं या तिन्ही गोष्टी एकत्र बांधण्याची रीत आपल्या मातीत मुरलेली आहे. आपल्याला ती नव्याने शोधायची गरज नाही.

आता खाण्याबद्दल. मघापासून याच भागाची वाट बघताय हे मला दिसतंय.

आमच्याकडे खाण्याचे दोनच नियम आहेत. पहिला: स्वतःचा डबा स्वतः खायचा नाही. आदल्या महिन्यात निघताना नावांच्या चिठ्ठ्या टाकतो. ज्याचं नाव आलं, त्याच्यासाठी पुढच्या वेळी डबा आणायचा. दुसरा: डबा स्वतःच्या हाताने करायचा. बायकोने, सुनेने किंवा पोळीवाल्या मावशींनी केलेला चालणार नाही. हा दुसरा नियम आम्ही मैत्रिणींनी मांडला आणि तो एकमताने मंजूर झाला, म्हणजे मतदान आम्हीच केलं. कारण सरळ होतं. रविवारी सकाळी सहाला घर सोडायचं, तर बाईला चारला उठून घरच्यांचा स्वयंपाक करावा लागतो, मागे काय काय झाकून ठेवलंय याची यादी सांगावी लागते आणि वर "हिला बरं जमतं फिरायला" हेही ऐकावं लागतं. आमच्यातल्या एकीने चाळीस वर्षांत पहिल्यांदा एक अख्खा रविवार स्वतःसाठी घेतला. पहिल्या वेळी ती गडावर बसून तीनदा घरी फोन करत होती. चौथ्या महिन्यात तिने फोन पिशवीतून काढलासुद्धा नाही.

मित्रांनी सुरुवातीला जे पोहे आणले, त्यांचं वर्णन मी गुरुजनांसमोर करणार नाही. पण हळूहळू हात बसला. एका मित्राने सत्तावन्नाव्या वर्षी भाकरी शिकायला घेतली. गव्हासारखा चिकटपणा ज्वारीच्या पिठात नसतो, म्हणून ते गरम पाण्याने भिजवायचं, एका वेळी एकाच भाकरीपुरतं घेऊन तळहाताने चांगलं मळायचं, मग हलक्या हाताने थापायचं. तव्यावर टाकल्यावर वरच्या अंगाला पाणी फिरवायचं, उलटायची आणि शेवटी विस्तवावर फुगवायची. त्याची पहिली भाकरी भारताच्या नकाशासारखी झाली, दुसरी श्रीलंकेसारखी. आता तो गोल थापतो. "इतकी वर्षं घरात कुणीतरी हे रोज करत होतं, आणि मी गरम नाही म्हणून कटकट करायचो," असं तो एकदा ठेचा वाटता वाटता म्हणाला. त्याची बायको आता महिन्याच्या पहिल्या रविवारची आमच्यापेक्षा जास्त वाट बघते.

डब्यांमुळे आणखी एक गोष्ट झाली. आपण शाळेत एकमेकांची घरं डब्यांवरून ओळखायचो. सोलापूरकडच्या घरातली शेंगदाण्याची चटणी, कोकणातल्या घरातलं घावन, खानदेशातल्या मुलीकडची कळण्याची भाकरी. मधल्या चाळीस वर्षांत सगळ्यांच्या घरी तेच पनीर शिरलं. आता चिठ्ठीत नाव आलं की लोक आईच्या, आजीच्या हातच्या गोष्टी आठवून करतात. कुणी दशम्या आणतं. पाण्याऐवजी दुधात भिजवल्यामुळे त्या मऊ राहतात आणि प्रवासात टिकतात, म्हणून आपल्या आज्या गाडीच्या प्रवासाला त्या बांधून द्यायच्या. कुणी धपाटे आणतं, कुणी तिखटमिठाच्या पुऱ्या. थंडीत एखादा रविवार शेतावर हुरड्याला जातो. आगटीत भाजलेली कणसं हातावर चोळायची आणि दाणे गरम असतानाच चटणीबरोबर तोंडात टाकायचे. उन्हाळ्यात गडाच्या वाटेवर पानांच्या द्रोणात करवंदं मिळतात. श्रावण-भाद्रपदात सोनकीने उतार पिवळे झालेले असतात आणि त्या वासात कांदाभजी खाण्याबद्दल काहीही बोलणं म्हणजे तुमचा छळ होईल.

गडावर पिठलं-भाकरी खायचीच असते, ती मात्र डब्यातून नेत नाही. ती तिथल्याच मावशींकडून घ्यायची. पिठलं, भाकरी, ठेचा, कांदा, आणि वर मडक्यातलं दही. हे सगळं पीठ, लाकूड, भांडी कुणीतरी वर आणलेलं असतं. वर्षातून एकदा आम्ही राजमाचीला मुक्कामाला जातो. श्रीवर्धन आणि मनरंजन अशा दोन बालेकिल्ल्यांच्या मध्ये उधेवाडी नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या घरात सारवलेल्या ओसरीवर तांदळाची गरम भाकरी वाढतात. अशा ठिकाणी किती जण येणार ते आदल्या दिवशी कळवायचं, वेळेवर पोचायचं आणि सांगितलेले पैसे घासाघीस न करता द्यायचे. शहरात आपण कॉफीला जेवढे देतो तेवढ्यात ती माउली पोटभर जेवू घालते आणि वर "अजून एक घ्या ना दादा" म्हणते. पैशाचा हिशोब आपण तिथे सुरू करू नये. कचरा मात्र आपला आपण खाली आणावा.

आता गप्पांबद्दल. माझ्या दृष्टीने ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे.

खऱ्या गप्पा उतरताना होतात, हे मला महिनोन्‌महिने पाहून लक्षात आलं. चढताना श्वास नसतो, माथ्यावर खाणं आणि थट्टा असते. उतरताना पोट भरलेलं असतं, अंग थकलेलं असतं, आणि वाट अरुंद असल्यामुळे माणसं दोन-दोन, तीन-तीन अशी मागेपुढे होतात. मुख्य म्हणजे कुणी कुणाकडे बघत नाही. सगळ्यांचे डोळे पायाखालच्या दगडावर. समोरासमोर खुर्चीत बसून जे सांगताना जीभ अडखळते, ते शेजारून चालताना सुटतं. मध्येच थांबलं तरी अवघड वाटत नाही, कारण थांबायला कारण असतं. दगड निसरडा आहे, पायऱ्या उंच आहेत. पुन्हा चालायला लागलं की बोलणं जिथे सोडलं तिथून पुढे जातं.

आपल्या वर्गातल्या एकाची गोष्ट त्याच्या परवानगीने सांगते. त्याचा छापखाना होता. लग्नपत्रिका, बिलबुकं, दिवाळीची भेटकार्डं यांवर त्याचं घर तीस वर्षं चाललं. पत्रिका मोबाईलवर जायला लागल्या, बिलं संगणकावर गेली आणि काम आटत गेलं. शेवटी त्याने यंत्र विकलं. तो आमच्याबरोबर चार महिने येत होता, आणि सगळ्यांत जास्त विनोद तोच करायचा. पाचव्या महिन्यात उतरताना तो मला आणि आणखी एका मित्राला म्हणाला, "मी रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडतो. दुकान बंद करून अर्धं वर्ष झालं. घरी सांगितलेलं नाही."

आम्ही दोघांनी त्याला सल्ला दिला नाही. आतकरवाडी येईपर्यंत तिघंही गप्प चालत होतो. खाली आल्यावर मित्राने त्याला विचारलं, "घरी सांगताना मी बरोबर येऊ का?" एवढंच. तो नको म्हणाला. त्याच रात्री त्याने घरी सांगितलं. आठवड्याने त्याच्या बायकोचा मला फोन आला. ती म्हणाली, "मला माहीत होतं गं. हे कधी सांगतायत याची वाट बघत होते." आज तो घरून पुस्तकांची मांडणी करून देतो. या मेळाव्याच्या स्मरणिकेचं पान न्‌ पान त्याने लावलंय. सभागृहात, हातात माइक घेऊन, "आता आपल्या वाटचालीबद्दल दोन शब्द सांगा" असं म्हटलं असतं, तर तो चार विनोद सांगून खाली बसला असता.

आमच्या एका मैत्रिणीचा नवरा दोन वर्षांपूर्वी गेला. मुलगा परदेशात. भेटायला गेलं की ती म्हणायची, मी बरी आहे. पण ती वाळत चालली होती. एकदा चालता चालता सहज म्हणाली, "एकटीसाठी कुकर लावायला हात उचलत नाही. बिस्किटं खाते आणि झोपते." त्या दिवशी निघताना चिठ्ठ्या टाकल्या, त्यात तिला एकाचं नाव आलं. पुढच्या रविवारी तिने धपाटे आणले, दह्यातली मिरची आणली, गुळाचा खडा आणला. ज्याला डबा मिळाला तो खाताना एक शब्द बोलला नाही, फक्त डबा बोटाने पुसून खाल्ला. तिने त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "पुढच्या वेळी जास्त आणते." आता ती आदल्या दिवशी बाजारात जाते, भाजी निवडते, पीठ दळून आणते. तिचं दुःख संपलं, असं मी म्हणणार नाही. महिन्यातून निदान एकदा तिच्या घरी फोडणीचा वास येतो, आणि आता तो इतर दिवशीही यायला लागलाय, एवढं मला माहीत आहे.

तिसरी गोष्ट गुडघ्यांची. तुमच्यापैकी निम्मे जण मनात म्हणत असतील, "हे ठीक आहे, पण आमचे गुडघे?" आमच्यातल्या एकाचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. तो गड चढत नाही. तो बसने पायथ्याला येतो, वर जाणाऱ्यांना निरोप देतो, आतकरवाडीत चहाच्या टपरीवर पेपर वाचतो, येणाऱ्या-जाणाऱ्यांशी ओळखी करतो आणि आम्ही उतरलो की खालच्या सगळ्या बातम्या देतो. त्याला आम्ही "पायथ्याचे किल्लेदार" म्हणतो. वर्षातले चार रविवार आम्ही मुद्दाम त्याच्या बेताने ठरवतो. कधी तळजाईच्या झाडीतून सपाटीचं चालणं, कधी पर्वती. पर्वतीच्या एकशे तीन पायऱ्या तो कठड्याला धरून, तीनदा बसून चढतो, आणि आम्हीही तीनदा बसतो. सगळ्यांत हळू चालणारा जो असेल, त्याच्या वेगाने सगळ्यांनी चालायचं, हा आमचा न लिहिलेला नियम आहे. पुढे जाऊन वाट बघायची नाही, कारण मागून धापा टाकत येणाऱ्याला सगळे उभे राहून बघतायत, यासारखी लाज नाही. त्याच्याबरोबरच चालायचं.

गोनीदांनी, म्हणजे गो. नी. दांडेकरांनी, आयुष्यभर गडकोट पायाखाली घातले आणि 'दुर्गभ्रमणगाथा' लिहून पिढ्यांना वेड लावलं. आपल्यातल्या अनेकांनी तरुणपणी तसं हिंडायचं ठरवलं होतं. काहींनी हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर रात्र काढली, काहींनी कळसूबाईच्या लोखंडी शिड्या चढल्या. मग नोकऱ्या, लग्नं, मुलं, कर्जं. आता ते सगळं भरून काढायचं वय नाही आणि तशी गरजही नाही. कुठला गड राहिला, याची मला खंत नाही. कुठला माणूस राहिला, याची आहे.

सह्याद्रीत कारवी नावाचं झुडूप आहे. ते सात वर्षं नुसतं हिरवं उभं राहतं, मग एका पावसाळ्यात सगळा डोंगर जांभळा करून टाकतं. लोक लांबून बघायला येतात, फोटो काढतात. फुलून बी धरलं की ती झुडपं वाळून जातात. आजचा मेळावा असाच बहरलाय. फार सुंदर आहे, संयोजकांचे मनापासून आभार. पण मला भीती वाटते ती बहरानंतरच्या वाळण्याची. उद्यापासून मोबाईलवर शुभ सकाळ येईल, वाढदिवसाला केकचं चित्र येईल आणि पाच वर्षांनी पुन्हा यादी वाचली जाईल. मैत्रीने डोंगरावरच्या गवतासारखं असावं, असं मला वाटतं. दरवर्षी उगवणारं, साधं, कुणी फोटो न काढणारं.

म्हणून समारोपाला उपदेश न करता सरळ निरोप देते.

येत्या महिन्याचा पहिला रविवार. सकाळी साडेसहा, सिंहगडाचा पायथा, आतकरवाडी. पहिल्यांदा येणाऱ्याने डबा आणायचा नाही, तो कुणीतरी त्याच्यासाठी आणलेला असेल. पाण्याची बाटली, टोपी आणि पकड असलेले बूट एवढं पुरे. ज्यांना चढायचं नाही, त्यांनी पायथ्याच्या किल्लेदारांकडे हजेरी लावायची. जे मुंबईत, नाशकात, कोल्हापुरात आहेत, त्यांनी आपापल्या जवळची टेकडी शोधावी. जे परदेशात आहेत, त्यांनी तिथल्या बागेत दोघं-तिघं जमवावेत, डबा तेवढा स्वतः करावा. महिना मोठा वाटला, तर दोन महिन्यांनी भेटा. पण दिवस आजच ठरवा आणि मोडू नका.

आणि एक काम प्रत्येकाने करायचं आहे. जे आज आलेले नाहीत, त्यांच्यातल्या एकाला जाऊन भेटा. फोन नको, घरी जा. त्याला मेळाव्याचा अहवाल सांगू नका, कोण काय झालं ते सांगू नका, तो काय करतो तेही विचारू नका. एवढंच सांगा, "रविवारी येतोस का? पोळी-भाजीचा डबा तुझ्यासाठी मी आणतो."

जेवणाची पंगत मांडलेली दिसतेय, म्हणून थांबते. आजही पानावर आपल्या नेहमीच्या घोळक्यात बसू नका. ज्याच्याशी चाळीस वर्षांत बोलला नाहीत, त्याच्या शेजारी बसा.